तोंडातून जाळ निघतो, मग तलवार कशाला? शक्तीवाल्या जीवांना शस्त्रं आणि चिलखतं देताना

भिवापूरच्या अलीकडं, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात आता एकच भाता उरलाय. मे महिना सरत आला की तिथं वखराच्या पासा, कुऱ्हाडी आणि इळे घेऊन माणसं बसलेली असतात. अशाच एका दुपारी मी लोहारकाकाजींना माझ्या पहिल्या अद्भुत कादंबरीची गोष्ट सांगत होतो. (ती अजून अप्रकाशित आहे, आणि तशीच राहिलेली बरी.) नायिकेच्या कुळाला जन्मतःच तोंडातून आग काढता येते, आणि तिच्या कमरेला रत्नं जडवलेली तलवार. काकाजींनी घण खाली ठेवला.

"तिच्या तोंडातूनच जाळ निंगते न बे? मंग तिले तलवार कायले पायजे?"

मी म्हटलं, शोभेला.

"मंग लाकडाची दे. दंडारीत देतेत तशी." (दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य.)

त्या दिवशी कादंबरीची चाळीस पानं गेली. पण तेव्हापासून कुठलाही जीव रचताना मी तो प्रश्न आधी विचारतो. तुम्ही कथा लिहीत असाल, चित्रकथा काढत असाल किंवा मित्रांसोबत भूमिका घेऊन खेळायचे खेळ रचत असाल, तर खालची पद्धत वापरून बघा. एक वही, एक मोजपट्टी आणि जवळच्या लोहाराशी थोडी ओळख, एवढ्यावर भागतं.

पहिली पायरी: शक्तीची खतावणी

शस्त्राचं नावही काढायच्या आधी शक्तीचा जमाखर्च मांडायचा. 'त्याला वीज सोडता येते' हा जमाखर्च नव्हे, ती जाहिरात झाली.

जमाखर्च कसा असतो ते आमच्या शेताच्या धुऱ्यावर बघायला मिळतं. रानडुकरांपायी आता बऱ्याच शेतांना झटका मशीन लागलंय. सोलरची पाटी, बॅटरी, शेताभोवती तार आणि जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई, एवढाच संसार. तारेत काही हजार व्होल्टचा ठोका साधारण सेकंदाला एकदा येतो, पण इतका क्षणभर की डुक्कर मरत नाही, किंचाळून पळतं. ही झाली जमा. आता खर्चाची बाजू. गवत वाढून तारेला टेकलं की झटका तिथंच जमिनीत उतरतो आणि पुढची तार नुसती तार उरते. उन्हाळ्यात माती कोरडी ठक्क पडली की अर्थिंग लागत नाही, सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतावं लागतं. चार दिवस आभाळ राहिलं की बॅटरी बसते. आणि रोही (नीलगाय) तारेवरून उडी मारून आत येतो, त्याला तिच्याशी देणंघेणंच नसतं.

या चार उणिवांमध्ये चार गोष्टी दडल्यात. 'विजेचा राक्षस' एवढ्याच शब्दांत एकही नव्हती.

मी वहीत प्रत्येक शक्तीसाठी हे लिहितो: अंगातल्या कुठल्या जागेतून निघते, किती फुटांवर पोचते, सलग किती वेळा वापरता येते, परत भरायला काय लागतं आणि किती वेळ, कशानं बंद पडते, वापरल्यावर वापरणाऱ्याचं काय होतं. लहान पोर आणि म्हातारा यांच्यातला फरकही. शब्द नाही, आकडा लिहायचा. आकडा चुकीचा असला तरी चालेल, पुढं बदलता येतो. 'बराच लांब' मात्र बदलता येत नाही, कारण ते धड काहीच नसतं.

नमुने शोधायला निसर्गाकडं जा. नागाची विषग्रंथी एकदा रिकामी झाली की पूर्ण भरायला काही दिवस ते आठवडे लागतात, म्हणून तो आधी फणा काढतो, फुत्कारतो, आणि पुष्कळदा विष न सोडताच चावतो. विष त्याच्यासाठी महाग आहे. बॉम्बार्डियर भुंगेरा पोटातल्या कप्प्यात दोन रसायनं साठवतो, हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. वेळ आली की ती दुसऱ्या, जाड भिंतीच्या कप्प्यात विकरांना (एन्झाइमना) भेटतात आणि जवळपास १०० अंशांचा फवारा बाहेर पडतो. आग ओकणारा जीव रचणाऱ्याला या एका किड्यात अर्धी उत्तरं मिळतात: दोन कप्पे, मधली झडप, जाड भिंत. झडप बिघडली तर काय, ही एक गोष्टसुद्धा.

दुसरी पायरी: हत्यार शक्तीला नाही, उणिवेला द्या

खतावणीची उजवी बाजू, म्हणजे खर्चाची, आता समोर ठेवा. शस्त्र तिथून निघतं.

माझ्या नायिकेचा जाळ बारा फूट जातो आणि तीन श्वासांनंतर ती दम खाते असं मी ठरवलं. म्हणजे तिला लागेल काय? बारा फुटांपलीकडं पोचणारं काहीतरी (गोफण, धनुष्य) आणि दम खाताना समोरच्याला दूर ठेवणारं काहीतरी (लांब दांड्याचा भाला). तलवार या दोन्हींत बसत नाही. तिसरी गरज मला उशिरा सुचली. तिला न मारता थांबवणारं हत्यार हवं. ज्याच्याकडं फक्त आग आहे तो भांडणात बसला की थेट खूनच करतो. भावाशी बांधावरून वाजलं तर? गोठ्यात चोर सापडला तर? आजूबाजूला कुटार रचलेलं आहे. आग ओकणाऱ्यांच्या गावात साधी काठी हे सगळ्यात सुसंस्कृत हत्यार असणार, आणि घरात जाळ काढणाऱ्या माणसाला ते लोक रानटी म्हणणार.

उणीव भरायचे रस्ते बरेच असतात, पण एक रस्ता वेगळा सांगायला हवा: शक्ती आहे तीच लांबवणं किंवा धारदार करणं. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या कोंबडबाजारात कोंबड्याच्या पायाला काती बांधतात. कोंबड्याला नखी असतेच, लढायची खोडही असते. माणसानं फक्त बोटभर पोलाद जोडलं आणि दोन कोंबड्यांची रागावलेली झटापट मिनिटांत संपणारी कत्तल झाली. हा प्रकार क्रूर आहे आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण जीव रचणाऱ्यानं त्यातून एक गोष्ट उचलावी. जन्मजात हत्यार बहुधा समोरच्याला हरवण्यापुरतं असतं, जिवे मारण्यापुरतं नसतं. एकाच जातीतल्या बऱ्याच लढती कोणीतरी माघार घेतो तिथं थांबतात. धातू जोडला की तो थांबा निघून जातो. तुमच्या शिंगवाल्या जमातीनं शिंगांना लोखंडी टोकं लावायला सुरुवात केली ते वर्ष त्यांच्या इतिहासात रक्तानं लिहिलेलं असेल. त्याआधी नवरदेव ठरवायला टकरा होत, त्यानंतर त्या बंद कराव्या लागल्या असतील.

उलट दिशाही आहे. वाघनख हे हत्यार म्हणजे शक्ती नसलेल्या माणसानं शक्तीवाल्याची केलेली नक्कल. तुमच्या जगात खरे नखवाले लोक असतील तर माणसाच्या हातातलं वाघनख बघून ते हसतील, चिडतील की घाबरतील? मी तरी चिडतील असं धरतो.

तिसरी पायरी: शक्ती आपल्याच हत्याराचं काय करते

इथं जरा बसावं लागतं, कारण घाईत रचलेली जगं सगळ्यात जास्त इथंच फाटतात.

आगीपासून सुरुवात. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, म्हणून लेखक निर्धास्त असतो: आमचा जाळ तेवढा नाही, तलवार टिकेल. तलवार वितळणार नाही, पण खराब होईल. पोलादाला पाणी दिल्यावर (म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर) ते कडक आणि काचेसारखं ठिसूळ होतं. मग लोहार ते पुन्हा हलकं तापवून थोडं मऊ करतो. घासलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. काकाजी रंग बघून पातं काढतात, थर्मामीटर त्यांनी पाहिलेलाही नाही. पातं त्या रंगाच्या पुढं तापलं की पाणी उतरलं, धार बसली. चुलीत विसरलेला इळा परत कधी नीट कापत नाही, हे घराघरांत ठाऊक असतं. म्हणजे स्वतःच्या पेटत्या पात्यानं लढणारा योद्धा दोन लढायांत पत्र्याची पट्टी घेऊन उभा राहील. त्याला एकतर दर लढाईनंतर पाणी देणारा लोहार बरोबर हवा, किंवा धारेवर अवलंबून नसलेलं हत्यार हवं: गदा, सोटा, घण, मुसळ. आग ओकणाऱ्यांच्या हाती गदा हेच खरं. लाकडी मुठीचं काय करायचं ते वेगळंच. ३०० अंशांच्या आसपास लाकूडही पेट घेऊ लागतं.

विजेचं गणित निराळं. तांबं लोखंडाच्या साधारण सहापट चांगला वाहक आहे, म्हणून विजेवाल्याचं हत्यार तांब्याचं असावंसं वाटतं. पण तांबं मऊ, टोक पहिल्याच ढालीवर वळतं. दोन्ही जोडले, तांब्याची पट्टी आणि लोखंडी टोक, तर ओलीत त्या सांध्यापाशी लोखंड झपाट्यानं गंजतं. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आलं की बारकीशी बॅटरीच होते, आणि मरतं ते लोखंड. असा सांधा दर पावसाळ्यात उकलून नवा करावा लागणार. त्यातून एक सण निघतो, एक कारागीर जात निघते, आणि सण चुकवणाऱ्या आळशी सरदाराचा मृत्यूही निघतो.

विरोधकाला मात्र पूर्व विदर्भात विरोधाचं सामान झाडावरच मिळतं. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी लाख करतात ती विजेला अडवते. प्लॅस्टिक येण्याआधी विजेच्या सामानात लाख वापरत असत. कोरडा बांबू बऱ्यापैकी अडवतो, भंडारा-गडचिरोलीकडचा कोरडा कोसाही (टसर रेशीम) अडवतो. पण लाख ७५-८० अंशांना मऊ पडते. म्हणजे लाखेचं चिलखत विजेपुढं भक्कम आणि आगीपुढं चिकट चिखल. दोन शत्रू, दोन चिलखतं, आणि चुकीचं घालून निघालेला एक तरुण.

आता अंगातून तीक्ष्ण रस सोडणारे जीव. इथं आम्ल आणि क्षार यांत गल्लत करू नका, दोन्हींचे शत्रू उलटे आहेत. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी पँटवर सांडलं की त्या दिवशी काही दिसत नाही, धुतल्यावर भोकं पडतात. आम्लानं सुती कापड मरतं. लोकर आणि रेशीम सौम्य आम्लात त्यामानानं तग धरतात. कडक क्षार असेल तर चित्र उलटतं: कॉस्टिक सोड्यात लोकर विरघळून जाते, सुती कापड टिकतं. बुलडाण्यातलं लोणार आठवा. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं आणि क्षारयुक्त पाणी. त्या पाण्यात राहणारा, आणखी तीव्र क्षार थुंकणारा जीव कल्पिला, तर त्याच्याशी लढायला जाणारे लोक कोशाचे शेले घरी ठेवून साध्या कापसाच्या गोधड्या अंगावर घेऊन जातील. श्रीमंताचं रेशीम निकामी आणि गरिबाची वाकळ कामाची. वऱ्हाडच्या कपाशीला अशी लढाई मला एकदा द्यायचीच आहे.

विषाबद्दल एवढंच: जो जीव अंगातून विष पाझरतो, त्याचं हत्यार त्याच्याशिवाय कोणालाच धरता येत नाही. हे वरदान वाटतं, पण त्याला धार कोण लावणार?

चौथी पायरी: अंगाचं माप घ्या

उंची दुप्पट झाली की स्नायूंचा छेद चौपट होतो आणि वजन आठपट. मोठे जीव त्यामुळं आपल्याच वजनानं वाकलेले असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. चिलखताच्या बाबतीत याची दुसरी बाजू लक्षात घ्या. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचं वजन अंगाच्या पृष्ठभागाबरोबर, म्हणजे चौपटच वाढतं. म्हणून मोठ्याला चिलखत स्वस्त पडतं. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत आहे. शिल्लक असलेला भाग सुमारे ११८ किलोचा, पूर्ण असताना अंदाजे १५९ किलोचा. चार टनांच्या हत्तीला हे वजन शेकडा चार. सत्तर किलोच्या माणसावर वीस किलोचं पोलादी चिलखत म्हणजे शेकडा अठ्ठावीसच्या वर. आणि फूटभर उंचीच्या बुटक्याला तोच पत्रा घातला तर तो बिचारा आहे तिथंच बसून राहील. बुटक्यांना चिलखत नको, बीळ द्या.

उडणाऱ्यांच्या बाबतीत आणखी कंजूष व्हा. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत दिसणारा सारस माणसाच्या खांद्याला-डोक्याला लागेल एवढा उंच, पण वजन जेमतेम ७-८ किलो. पंख हलवणाऱ्या जीवाला किलोभर लोखंडसुद्धा डोईजड. त्याला टाकून देता येईल असं हत्यार द्या. दगड पुरे. उंचीच त्याची धार आहे.

मग मूठ. बोटं किती, अंगठा आहे का, नख्या मुठीत मावतात का? मी घरी पऱ्हाटीच्या काड्या आणि सुतळीनं हत्याराचा सांगाडा करतो आणि दोन बोटं दुमडून, कधी चिमट्यानं धरून बघतो. शेजारच्यांना वाटतं पोट्टं वाया गेलं. पण तीन बोटांच्या हातात गोल दांडा फिरतो, चपटा लागतो, हे मला त्या काडीनं शिकवलं. विळ्याच्या मुठीला शेवटी बोंड का असतं, तेही त्याच दिवशी कळलं.

पाचवी पायरी: चिलखताला भोकं पाडा

चिलखत रचताना आधी ते कुठं नसेल ते ठरवा. शक्ती जिथून निघते ती जागा उघडी लागते, आणि शत्रूला ती ठाऊक असते. आग ओकणाऱ्याचा गळा, विजेवाल्याचे तळवे, सूर काढून मोहिनी घालणाऱ्याची छाती. या जागांसाठी झडप हवी, उघडझाप हवी, आणि ती उघडण्याचा क्षण म्हणजे तुमच्या प्रसंगाचा कळस.

ज्यांचं कातडंच चिलखत आहे त्यांना वरून काय द्यायचं? खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्याच केराटिनचे. ते गुंडाळी करतं तेव्हा मऊ पोट आत जातं. त्याच्यासारख्या जमातीला पाठीवर पत्रा लादणं म्हणजे छपरावर छत्री. त्यांना पोटाला पट्टा द्या, आणि तोही गुंडाळी होताना आड येणार नाही असा. सायाळ काटे फेकत नाही, पाठमोरी धावून ते खुपसते. सायाळीसारख्या सैनिकांची फौज शत्रूकडं पाठ करून उभी राहील, आणि त्यांच्यात 'पाठ दाखवणं' ही शूराची ओळख असेल.

शिवाय ऊन. ज्यांनी मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी दोन वाजता रस्ता ओलांडलाय त्यांना सांगायला नको. ४५ अंशांवर उन्हातला पत्रा हात लावू देत नाही. आतून कापसाचं जाड अस्तर असल्याशिवाय लोखंड अंगावर चढत नाही, आणि ते अस्तर घामानं भिजून दुप्पट जड होतं. इथल्या लढाया पहाटे सुरू होऊन नवाच्या आत संपतील. भर दुपारचं रणांगण लिहायचं असेल तर थंड रक्ताच्या जीवांवरही विसंबू नका, त्या उन्हात तेही सावलीत दडतात.

सहावी पायरी: घडवतं कोण?

पूर्व विदर्भात लोखंड जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळच्या नैकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, शिळावर्तुळं उभारणाऱ्या लोकांची. नागपूरजवळच्या माहूरझरीला त्याच लोकांच्या दफनांत घोडे मिळाले आणि घोड्यांच्या तोंडावर बांधायची तांब्याची आभूषणंही. लोखंड कामाला, तांबं मिरवायला. आणि मिरवायचं ते जनावराच्या तोंडावर. जीवांना सजवण्याची ही आपली रीत पोळ्याच्या झुलींपर्यंत चालत आली आहे, तेव्हा तुमच्या जीवाच्या अंगावरचा प्रत्येक धातू लढायलाच असेल असं धरू नका.

लोखंड गाळायला खनिजाइतकीच कोळशाची भूक असते, म्हणजे जंगल लागतं. इथं माझ्या नायिकेनं मला दुसऱ्यांदा खोटं पाडलं. ज्या कुळाच्या तोंडातून आग निघते ते कुळ लढायला कशाला जाईल? ते भात्यावर बसेल. कोळसा न जाळता लोखंड तापवणारे लोक म्हणजे त्या जगातले सगळ्यात किफायतशीर लोहार. राजे त्यांना सैन्यात भरती करणार नाहीत, किल्ल्यात कोंडून ठेवतील आणि तलवारी करवून घेतील. जगातली सगळी शस्त्रं ज्यांनी घडवली त्यांच्याच हाती शस्त्र नाही. माझी कादंबरी खरं तर ही होती, ती चाळीस पानं नव्हती.

म्हणून वहीत लिहा: ही शक्ती शांततेच्या दिवसांत काय काम करते? हत्यारं बहुधा त्या कामाच्या अवजारांतून येतात. आपल्याकडं कुऱ्हाड, इळा, बैल हाकायची तुतारी, पहार आधी शेताची आणि मग भांडणाची. शेती न करणाऱ्या जीवाच्या हातात कोयता देऊ नका.

सातवी पायरी: बाजाराच्या दिवशी

तलवार दाराबाहेर ठेवता येते. विषाचा दात कुठं ठेवणार? आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, न्यायाच्या पारावर शक्तीवाला आणि साधा माणूस शेजारी बसणार असतील, तर समाज काहीतरी बंधन काढणारच. डवरणीच्या वेळी बैलानं पीक खाऊ नये म्हणून आपण त्याला मुसकं बांधतो. आग ओकणाऱ्याला बाजारात लोखंडी मुसकं घालून यावं लागत असेल तर? ते चिलखतच आहे, फक्त ते इतरांचं रक्षण करतं. कोणी ते चांदीचं करून मिरवेल. कोणी ते घालायला नकार देऊन तुरुंगात जाईल. लहान पोराला पहिल्यांदा मुसकं बांधायचा दिवस त्या घरात कसा असेल, याचा विचार मी अजून पुरता करू शकलेलो नाही.

एक सांभाळायला सांगतो. आपल्या भागातले वाघदेव, गावदेव, पाड्यावरची दैवतं ही कोणाची तरी रोजची श्रद्धा आहे. त्यांना उचलून तुमच्या खेळात भाला देऊ नका. नवा जीव रचा, त्याला नवं नाव द्या. चिलाटी, रानगवा, गांधीलमाशी, खेकडा असं केवढं सामान जंगलात आणि बांधीत पडलंय.

एक नमुना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मामा तलावाच्या गावात घडणारी गोष्ट मी सध्या लिहितोय. माजी मालगुजारी तलाव म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे जुने सिंचन तलाव: मातीची पाळ, पाणी सोडायचं तुडूम, खाली धानाच्या बांध्या. त्यात राहणारी जमात मी रचली, नाव ठेवलं झिलपे. उंची साडेचार फूट, कातडी वाम माशासारखी ओली, दोन्ही तळव्यांतून विजेचा झटका.

खतावणी: पाण्यात आठ फुटांपर्यंत झटका पोचतो. बाहेर फक्त स्पर्शानं. सलग दहा, मग पोटभर मासे आणि एक झोप. कातडी वाळली की शक्ती निम्मी. कोरड्या धुऱ्यावर एका हातानं धरून काही होत नाही, कारण विजेला जायला आणि परत यायला अशा दोन वाटा लागतात.

म्हणजे तलावात हत्यार नकोच. उणीव कोरड्या जमिनीवरची: लांबी नाही, आणि दोन्ही तळवे शत्रूला टेकवावे लागतात. म्हणून दुशिंगी भाला. सात फुटी बांबू, पुढं वीतभर अंतरावर दोन लोखंडी टोकं. एका टोकापासून डाव्या हाताच्या पकडीपर्यंत तांब्याची पट्टी, दुसऱ्यापासून उजव्या हाताच्या पकडीपर्यंत दुसरी. मधला बांबू लाखेनं माखलेला, नाहीतर ओल्या बांबूतून झटका आतल्या आत फिरून संपतो. टोकं खोल घुसायची गरज नाही, दोन्ही टेकली की झालं. तांबं झिलप्यांकडं नाही, ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून, मलाजखंडच्या बाजूनं येतं, बदल्यात सुके मासे जातात. त्यामुळं भाला घरटी एकच असतो आणि हुंड्यात मागतात.

चिलखत लोखंडाचं चालत नाही. ओल्या अंगावर पत्रा घातला की एका तळव्यातली वीज त्याच पत्र्यातून दुसऱ्या तळव्यात परत जाते. म्हणून आत ओलं सुती कापड, जे कातडीही ओली ठेवतं, आणि वर लाख लावलेल्या बांबूच्या पट्ट्या. तळवे उघडे. उन्हात दोन तासांनी कापड वाळतं, म्हणून प्रत्येक तुकडीमागं पाण्याचं मडकं घेऊन एक पोरगं धावतं. पहिला बाण त्या पोरालाच लागतो.

आणि समोरची माणसं? ती झिलप्यांशी लढतच नाहीत. एका रात्री येऊन तुडूम उघडतात.

हा आराखडा कागदावर काढून मी पुन्हा भात्यावर गेलो. काकाजींनी दुशिंगी उलटीसुलटी बघितली, तांब्याच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून तुटन. रिबिट नोको मारू, गुंडाळून घे." मग कागद परत देत विचारलं, "अन् येचे पैसे कोन देते, मासे खानारा का तू?" तेव्हापासून माझ्या खतावणीत किमतीचा एक रकाना आहे. झिलप्यांच्या पानावर तो अजून भरायचा आहे.